एकशे ब्याऐंशीवा दिवस

१

पाकिटात पासपोर्ट नव्हता. होती ती एक निळ्या कव्हराची कोरी टेलिफोन डायरी, मापाने पासपोर्टएवढीच.

११ डिसेंबर २००७, मंगळवार. शरणपूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात मी ब्लेडने पाकिटाचं खालचं टोक कापलं, पाकीट टेबलावर उलटं केलं आणि ती डायरी टपकन पडली. समोर माझे अशील धवल चांदोरकर बसले होते. त्यांनी डायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आभाताई, हे काय?"

मी आभा गायधनी, चार्टर्ड अकाउंटंट, पंधरा वर्षं लोकांचे आयकर भरते आहे. या पंधरा वर्षांत माझ्या कपाटातून टाचणीसुद्धा हरवलेली नाही. 

प्रकरण साधं होतं. धवल एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनियर होते. २००४ साली नोकरी सोडून कुवेतला गेले. इराकची लढाई होऊन गेली होती, तेल भडकलं होतं, आणि तिकडच्या वीज केंद्रांना माणसं हवी होती. आमच्या नाशिकमध्ये पूर्वी मुलगा अमेरिकेत असला की पेढे वाटायचे. आता अमेरिकेचाच पाय घसरायला लागलेला, डॉलर चाळीसच्या खाली आलेला, आणि पेढे कुवेत-कतारच्या नावाने वाटले जात होते. पैसा जिकडे सरकतो तिकडे माणसं सरकतात, आणि त्यांच्यामागे आयकर खातं.

आपलं आयकर खातं अशा माणसाला एकच प्रश्न विचारतं: एक एप्रिल ते एकतीस मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता? एकशे ब्याऐंशी किंवा जास्त असाल, तर तुम्ही इथले, आणि परदेशातल्या कमाईवरही इथे कर. एक दिवस जरी कमी असलात तरी तुम्ही परदेशी, आणि तिकडचा पगार तुमचा तुम्हाला लखलाभ. धवलनी पासपोर्टच्या झेरॉक्स दिल्या होत्या. त्यांवर २१ सप्टेंबर २००४ ला देश सोडल्याचा शिक्का होता. म्हणजे दिवस भरले एकशे चौऱ्याहत्तर. सुटले! पण अधिकाऱ्याने मूळ पासपोर्ट मागितला. गुरुवारी सुनावणी होती. महिनाअखेर केसची मुदत संपत असल्यामुळे तारीख पुढे जाणार नव्हती.

"काल सोमवारी मी स्वतः पासपोर्ट तुमच्या त्या मुलीच्या हातात दिला," धवल म्हणाले. "कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे आणि सुवर्णाकडे."

"मग तिची पर्स बघा."

सुवर्णा मौले माझी आर्टिकल, म्हणजे माझ्या हाताखाली शिकत सीएची परीक्षा देणारी मुलगी. मखमलाबादची. घरची फुलशेती, आई सखुबाई पहाटे गणेशवाडीच्या बाजारात झेंडू विकायला बसते. कामाला चोख. तरीही मी म्हणाले, "सुवर्णा, पर्स दाखव." अशिलासमोर. हे मी का केलं याचं उत्तर माझ्याकडे अजूनही धड नाही.

तिने पर्स टेबलावर ओतली. डबा, कॅल्क्युलेटर, बसचा पास, दोन पेनं. पासपोर्ट नव्हता.

"विकला असेल," धवल शांतपणे म्हणाले. "आभाताई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून उद्या संध्याकाळी पाचपर्यंत थांबतो. नंतर पोलिसात तक्रार देणार, या मुलीच्या नावासकट. तक्रारीची प्रत मला गुरुवारच्या आत हवी."

पोलिसात नाव गेलं की सुवर्णाची आर्टिकलशिप संपली, आणि तिच्यासाठी सीए हा शब्दही संपला. मला एक दिवस होता.

२

सुवर्णा फायलींच्या खोलीत बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला जरा सोपं गेलं असतं.

"काल काय झालं ते पहिल्यापासून सांग."

"ते अकरा वाजता आले. मी पासपोर्ट हातात घेतला, रजिस्टरमध्ये नंबर उतरवला आणि परत त्यांना दिला. त्यांनी माझ्यासमोर पाकिटात घातला. मी पावती लिहायला मान खाली घातली. मान वर केली तेव्हा पाकीट चिकटवलेलं होतं. भिमाजींनी शिक्का मारला. मी पाकीट कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं."

"नंतर कपाट उघडलंस?"

"नाही. आज सकाळी तुम्हीच उघडलंत."

"पाकीट चिकटवायची काय गरज होती?"

"तेच म्हणाले, महत्त्वाची वस्तू आहे, मॅडमनीच उघडावी."

"आणखी काही? अगदी बारीकसारीकसुद्धा चालेल."

तिने थोडा विचार केला. "शनिवारी मी त्यांना फोन केला होता. झेरॉक्समध्ये पान आठ-नऊ होतं, मग एकदम बारा-तेरा. दहा-अकरा नव्हतं. मी म्हटलं, तेवढं पाठवा. ते म्हणाले, कशाला, ओरिजिनलच आणतो."

झेरॉक्सवाला दोन पानं खातो, त्यात नवल ते काय, असं म्हणून मी ते सोडून दिलं. माझ्या डोक्यात भिमाजी होता.

भिमाजी आमचा शिपाई, दिंडोरीकडचा. आलेल्या प्रत्येक कागदावर आवक शिक्का मारायचं काम त्याचं, आणि त्या शिक्क्याचा त्याला कलेक्टरच्या सहीएवढा अभिमान. शिक्का त्याच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असतो, किल्ली करगोट्याला. मला लागला तरी मागून घ्यावा लागतो.

"भिमाजी कुठे आहे?" मी विचारलं.

"काल बारा वाजता गेले ते आलेच नाहीत," सुवर्णा म्हणाली.

३

दिंडोरीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच भिमाजीच्या भावाची द्राक्षबाग आहे. त्याच दुपारी मी तिथे पोचले, तर भिमाजी तोंडाला फडकं बांधून ट्रॅक्टरच्या मागे उभा होता. मला बघून त्याने फडकं सोडलं.

"ताई, तुम्ही हितं?"

"न सांगता का आलास?"

"अवो, फोन लावला, तुमचा बंद. काल ढग आलं ना! फवारणी नाय केली तर मण्यांवर रोग पडतो. भाऊ एकटाच हाय." त्याने बागेकडे हात केला. "यंदा माल परदेशी जायचा. पन व्यापारी आत्ताच म्हनतो, डॉलर पडला, भाव कमी देईन. ताई, त्या अमेरिकेत काय झालंय?"

"लोकांनी घरांची कर्जं बुडवली."

"घ्या! घरं त्यांची बुडाली आन् भाव आमचा पडला."

एरवी मी हसले असते. मी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "हा शिक्का तुझा?"

त्याने नाकाशी धरून पाहिलं. "माझाच की. नंबर दोनशे चौदा, सोमवार. झाकनाच्या सांध्यावर आर्धा हिकडं, आर्धा तिकडं. आसा मी एकटाच मारतो. कोन पाकीट उघडंल तर लगेच कळतं."

"तू गेल्यावर हा शिक्का दुसऱ्या कोणी मारला असेल?"

त्याने करगोट्याची किल्ली वर काढून दाखवली. "ही काय. रात्री झोपताना बी हितंच."

मी पाकीट परत घेतलं. मी ते खालच्या टोकाला कापलं होतं. झाकण अजून चिकटलेलं होतं, आणि सांध्यावरचा शिक्का केसभरही सरकलेला नव्हता. म्हणजे सोमवारी शिक्का बसल्यानंतर पाकीट कोणी उघडलं नव्हतं. कपाटात ठेवल्यावर काही झालंच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिक्का मारला त्या वेळीच आत डायरी होती.

"भिमाजी, नीट आठव. सुवर्णा पावती लिहीत होती तेव्हा पाकीट कोणाच्या हातात होतं?"

"साहेबांच्या. त्यांनी पाकीट पिशवीत टाकलं, मंग डिंकाची नळी हुडकली. लय वेळ हुडकली. मंग पाकीट भाईर काढून चिकटवलं आन् मला दिलं."

पिशवीत एक पाकीट गेलं आणि बाहेर दुसरंच आलं. धवलनीच ते बदललं होतं.

मी गाडीशी येऊन उभी राहिले आणि माझं डोकं चालेना. हा पासपोर्ट म्हणजे धवलच्या सुटकेचा पुरावा. ज्याला तो हवा, त्याने स्वतःच तो का लपवावा? आणि हे कारण सापडल्याशिवाय मी त्यांच्यासमोर एक शब्द काढला असता, तर ते म्हणाले असते, तुमचा शिपाई आणि तुमची मुलगी, दोघं एकमेकांना सामील.

परत येताना गिरणाऱ्याच्या फाट्यापाशी मला सुवर्णाची ती दोन पानं आठवली.

४

पान दहा-अकरावर काय असेल? शिक्के. कसले? येण्याजाण्याचे. २१ सप्टेंबरनंतर धवल त्याच वर्षात पुन्हा भारतात येऊन गेले असतील, तर ते दिवसही मोजावे लागणार. आठ दिवस जरी राहिले असतील तरी एकशे ब्याऐंशी भरले. पण कशासाठी आले असतील?

बुधवारी सकाळी मी मनमाडला त्यांच्या बहिणीकडे गेले. मंजुषाताईंचे यजमान रेल्वेत, घर क्वार्टर्समध्ये. त्यांच्या वडिलांच्या मिळकतीचे कागदही माझ्याकडेच होते, त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही. चहा आला. भिंतीवर वडिलांचा फोटो, खाली तारीख: २३ फेब्रुवारी २००५.

तारीख त्याच आर्थिक वर्षातली होती.

"धवल आले असतील ना तेव्हा?" मी जमेल तितक्या सहज विचारलं.

"नाही हो. नवी नोकरी, रजा कुठली? अग्नी चुलतभावाने दिला."

"आणि दहावा?"

"रामकुंडावर केला." त्या फोटोकडे बघत होत्या. "तोही चुलतभावानेच."

"तुम्ही मूळ चांदोरीचे ना?"

"हो. का?"

"काही नाही," म्हणून मी उठले. एकुलता मुलगा, दोन्ही वेळा न आलेला, आणि हे सांगताना बहिणीला माझ्याकडे बघवत नव्हतं. एवढ्यावर कोणाला चोर म्हणता येत नाही. पण चांदोरी म्हटल्यावर मला माझंच घर आठवलं.

बाहेरच्यांसाठी सांगते. रामकुंडावर विधीला येणाऱ्यांचे गुरुजी गावावरून ठरतात. अमक्या गावचे लोक अमक्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या. त्या घरात त्या गावाची नामावळ असते, म्हणजे लांबलचक वही. विधी झाला की यजमान स्वतःच्या हाताने त्यात लिहितो: कोण, कोणाचा मुलगा, कशासाठी आलो, हल्ली राहणार कुठे. आजोबांची सही नातवाला दाखवतात आणि नातू डोळे पुसतो. मी सीए झाले आणि घरच्या या धंद्याकडे पाठ फिरवली. चांदोरीची नामावळ आमच्याच चुलत घरात, हे मी लहानपणापासून ऐकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पंचवटीत गोदावरीकाकू वह्यांच्या कपाटापुढे बसल्या होत्या. काका गेल्यापासून वह्या त्याच सांभाळतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"नाही आभे. माणूस इथे रडत येतो आणि रडत लिहितो. ते काय आयकरवाल्यांना दाखवायला?"

"काकू, एका मुलीवर चोरीचा आळ आहे. पाच वाजता तिचं नाव पोलिसात जाईल. सखुबाईची मुलगी."

"झेंडूवाली सखू?" काकू कपाटाकडे वळल्या. मग वही काढली. "दाखवीन. देणार नाही. झेरॉक्सही नाही. तू फक्त वाच."

त्यांनी पान उघडलं. शके १९२६, माघ वद्य अष्टमी, ४ मार्च २००५. खाली माझ्या फायलीत शंभरदा पाहिलेलं, उजवीकडे झुकलेलं अक्षर.

मी वाचलं आणि घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं होती.

५

धवल पावणेपाचला आले. तक्रार टाइप करून आणली होती. सुवर्णाचं नाव दुसऱ्या ओळीत होतं. मी सुवर्णालाही आत बोलावलं आणि बसायला सांगितलं.

"सापडला का?" धवलनी विचारलं.

"नाही. पण तो कुठे नव्हता ते सापडलं. तो या पाकिटात नव्हताच." मी सांध्यावरचा शिक्का दाखवला आणि भिमाजीने सांगितलेलं सगळं सांगितलं.

ते हसले. "शिपायाच्या शब्दावर? आणि मी माझाच पासपोर्ट का लपवीन? माझं कुवेतचं प्रकरण त्याच्यावर उभं आहे."

"आम्ही सगळे तसंच समजत होतो. पण तो पासपोर्ट तुम्हाला बुडवणारा आहे, हे माहीत असलेला माणूस एकच, तुम्ही. कुवेतचा करार संपला, आता येत्या फेब्रुवारीत कतारला निघालात, तिथला व्हिसा नवाच लागणार. म्हणजे जुना पासपोर्ट गेला तरी तुमचं काही अडत नाही. पोलिस तक्रारीची प्रत मिळाली की नवा कोरा पासपोर्ट निघतो, आणि अधिकाऱ्याला मुदतीत तुमच्या झेरॉक्सवरच भागवावं लागतं. सगळं निभावलं असतं. पण शनिवारी या मुलीने पान दहा-अकरा मागितलं. तेव्हा तुम्हाला कळलं की ही पानं मोजते. म्हणून पासपोर्ट हरवायचा, तो हिच्याच हातून, असं ठरवलंत."

"कल्पना चांगली आहे. पुरावा?"

"नाही."

ते उठायला लागले.

"पण मी एक ओळ वाचून आले आहे," मी म्हणाले. "'ती. बाबांच्या दशक्रियेसाठी आलो. एकुलता मुलगा धवल. हल्ली मुक्काम कुवेत.'"

ते उभेच राहिले. नंतर खाली बसले. पासपोर्ट लपवला, तिकिटं नष्ट केली असतील, बहिणीला पढवलं; पण ती वही त्यांच्या लेखी कागद नव्हतीच. तिथे त्यांनी खरं लिहिलं होतं, कारण तिथे कोणी खोटं लिहीतच नाही.

त्यांनी तक्रारीचा कागद टेबलावर उलटा ठेवला.

"पंचवीस फेब्रुवारीला सकाळी उतरलो," ते म्हणाले. "बाबांना अग्नी देऊन दोन दिवस झाले होते. तोंडही दिसलं नाही. तेरावा झाला आणि आठ मार्चला परत गेलो. बारा दिवस. नंतर एकदा सहज मोजायला बसलो. आभाताई, एकशे ब्याऐंशीवा दिवस कुठला आला माहीत आहे? चार मार्च. मी रामकुंडावर पिंड ठेवत होतो आणि तेवढ्यात मी सरकारच्या हिशेबात भारतीय रहिवासी झालो. बापाच्या दहाव्याचा दिवस त्यांनी मोजायचा? पन्नास डिग्रीत बॉयलरपुढे मी उभा राहायचं, आणि या सरकारने काय केलंय त्यात?"

मला त्यांचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण रागही तितकाच होता.

"मोजायचा," मी म्हणाले. "कायद्याला सुतक नसतं. तुम्हाला बॉयलर शिकवला तो एकलहऱ्यात, या सरकारने. अमेरिका तर आपला नागरिक जगात कुठेही राहो, त्याच्याकडे हिशेब मागते. आपलं सरकार नुसते दिवस मोजतं. तुम्हाला तो कायदा अन्यायाचा वाटतो ना? मग अधिकाऱ्यासमोर भांडा, अपील करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण तुम्ही सरकारशी नाही भांडलात. एका फुलवालीच्या मुलीला पुढे केलंत. चोराच्या उलट्या बोंबा! तुमची सहा महिन्यांची कमाई वाचावी म्हणून हिचा सगळा जन्म?"

धवल पहिल्यांदाच सुवर्णाकडे बघत होते. तिने नजर खाली घेतली नाही.

त्यांनी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. टाइप केलेली तक्रार फाडली. "माझं चुकलं," ते तिला म्हणाले. "मी बाबांच्या जाण्याचा राग तुझ्यावर काढला."

"दहा-अकरा पान उघडून द्या," सुवर्णा म्हणाली. "मला उद्याच्या आत दिवस नव्याने मोजायचे आहेत."

६

गुरुवारी सुनावणी झाली. धवलनी स्वतःच सांगितलं की एकशे शहाऐंशी दिवस होतात. अधिकाऱ्याने शिक्के पाहिले आणि विचारलं, "फेब्रुवारीत कशासाठी आला होता?"

"वडील गेले होते."

अधिकाऱ्याचं पेन जरा थांबलं. मग त्याने एकशे शहाऐंशी हा आकडा लिहिला. कर बसला, व्याज बसलं. दंडाबाबत मात्र, आपणहून सांगितल्याची नोंद त्याने केली. धवलना त्याहून जास्त काही मिळण्यासारखं नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर मी सुवर्णाला केबिनमध्ये बोलावलं. दोन दिवस मी दिंडोरी, मनमाड, पंचवटी धावले होते, आणि खरं सांगायचं तर तिने आभार मानावेत अशी माझी अपेक्षा होती. तिने मानलेही.

"तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत मॅडम. आईने पण सांगितलंय, विसरू नको." मग तिने एक छापील फॉर्म माझ्यापुढे ठेवला. तो आर्टिकलशिप दुसऱ्या ऑफिसात बदलून घेण्याचा होता.

"अगं, का? सगळं मिटलं ना आता?"

"त्यांनी मला चोर म्हटलं त्याचं मला काही नाही. ते मला ओळखत नव्हते." तिने फॉर्मवर पेन ठेवलं. "तुम्ही अडीच वर्षं ओळखत होतात. तरी आधी पर्स उघडायला लावलीत, आणि काय झालं ते नंतर विचारलंत."

मी खूप काही बोलू शकले असते. मी गोंधळले होते, अशील समोर होता, ऑफिसच्या नावाचा प्रश्न होता. यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो मॅडम," ती म्हणाली. "चुकलं."

मी फॉर्मवर सही केली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, की इतकी चोख मुलगी मला पंधरा वर्षांत मिळाली नव्हती. तिने ते वाचलं, घडी घातली आणि उरलेल्या फायली पुऱ्या करायला आपल्या टेबलाकडे गेली.